भिऊ नको म्हणणाऱ्या देवाची भीती

प्रस्तावना

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी गोंदिया आणि डोंगरगड मागे टाकून राजनांदगावला येते आणि तिथून तासाभराच्या आत दुर्ग-भिलाई गाठते. १८९३ साली या मार्गावरून नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते. वय तिशीच्या पुढे, संस्कृतचा व्यासंग दांडगा, नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं वैदिक वाङ्मयाचं काम केलेलं. राजनांदगाव हे तेव्हा बैरागी महंतांचं संस्थान होतं आणि टिळकांची नोकरी तिथे होती. डब्यात त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. त्यानं बसायला जागा करून दिली, बोलणं संस्कृत काव्यावरून सुरू झालं आणि धर्मावर येऊन थांबलं. चरित्रकारांनी या गृहस्थाचं नाव अर्नेस्ट वॉर्ड असं नोंदवलं आहे. ते फ्री मेथडिस्ट पंथाचे मिशनरी होते. निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती बायबल ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

मराठी मंडळ्यांमध्ये ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली जाते. भाकीत झालं, ते खरं ठरलं, प्रभूची स्तुती असो. सांगणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण त्या सांगण्यात मधली दोन वर्षं गळून जातात आणि माझ्या दृष्टीनं सगळा अर्थ त्या दोन वर्षांत आहे. आगगाडीत एखाद्याला पुस्तक मिळणं ही घटना काही तासांची. ते पुस्तक घरी आणायचं, मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकायचं, तिथून पाय निघू नये, आणि शेजारच्या खोलीत आपली बायको देवपूजेची तयारी करते आहे हे ऐकू यावं, हे सगळं दोन वर्षं चाललं. या पुस्तकाचा विषय तो काळ आहे. ज्या देवाकडे ओढ वाटते त्याच देवाची भीती वाटणं, आणि जो खरा वाटू लागला आहे त्याच्याबद्दल मनात शंका उठत राहणं, ही अवस्था ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. मराठीत तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

टिळकांना भीती कशाची होती, असं विचारलं तर लोक चटकन सांगतात की समाजाची. ते खरंच आहे. चित्पावन ब्राह्मण घरातल्या माणसानं बाप्तिस्मा घेतला की त्याच्यासाठी सुतक पाळलं जाई, नातीगोती तुटत, बायको माहेरी जाई आणि मुलगा दिसेनासा होई. टिळकांच्या बाबतीत यातलं बहुतेक सगळं घडलं. पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा दत्तू त्यांच्यापासून काही वर्षं दुरावले. त्या काळातल्या प्रत्येक धर्मांतरिताच्या कहाणीत हे प्रकरण येतं आणि वाचकाचं लक्षही तिथेच खिळतं, कारण ते नाट्य बाहेर दिसणारं आहे. पण या भीतीच्या मागे आणखी एक भीती उभी असते. हे सगळं खरं असेल तर? तो खरोखरच समोर असेल आणि मला बोलावत असेल तर? लोक काय म्हणतील ही चिंता असलेला माणूस तडजोड शोधतो. देव काय म्हणेल या विचारानं हादरलेल्या माणसाला तडजोडीची वाट उरत नाही. गुपचूप श्रद्धा ठेवून दोन्हीकडे नांदणं टिळकांना जमलं असतं. त्यांच्या आगेमागे पुष्कळांनी ते केलं. त्यांना ते जमलं नाही, याचं कारण दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती.

पवित्र शास्त्र या बाबतीत विलक्षण प्रामाणिक आहे. देवाचा स्पर्श झाला आणि मन प्रसन्न झालं, अशी सोपी कथा त्यात क्वचित सापडते. जळणाऱ्या झुडपापुढे मोशे तोंड झाकून घेतो. बेथेलला स्वप्नातून जागा झालेला याकोब आनंदण्याआधी घाबरतो. मंदिरात दर्शन झाल्यावर यशयाला वाटतं की आपण संपलो. जाळी माशांनी भरून फाटायला आली तेव्हा पेत्रानं आभार मानायला हवे होते. तो येशूच्या पायांशी पडून त्याला दूर जायला सांगतो, कारण आपण पापी आहोत हे त्याला त्या क्षणी कळतं. जखऱ्या, मरीया, रानातले मेंढपाळ, या सगळ्यांना देवदूत प्रथम भिऊ नका असंच सांगतात. समोरचा घाबरलेला नसता तर हे सांगायची गरजच पडली नसती. मार्कच्या शुभवर्तमानाची सर्वांत जुनी हस्तलिखितं तर भीतीवरच थांबतात. रिकामी कबर पाहून स्त्रिया पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. पुनरुत्थानाची पहिली बातमी ऐकणाऱ्या माणसांची ही पहिली प्रतिक्रिया आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायातला अर्जुन विश्वरूप दाखव म्हणून स्वतः हट्ट धरतो आणि ते दिसल्यावर थरथरतो. ज्याला आपण सखा म्हणून हाक मारली, थट्टेत बोललो, एका ताटात जेवलो, तो असा आहे हे कळल्यावर तो क्षमा मागतो आणि पुन्हा ओळखीचं रूप घे म्हणून विनवतो. ज्ञानेश्वरांनी हा प्रसंग ज्या विस्तारानं रंगवला आहे तो वाचला की भक्तीत भय कसं मिसळलेलं असतं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रुडॉल्फ ओट्टो या जर्मन ख्रिस्ती अभ्यासकानं १९१७ साली पवित्रतेच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यालाही याच अकराव्या अध्यायाचा आधार घ्यावासा वाटला. दिव्य ते माणसाला हादरवतं आणि त्याच वेळी खेचून घेतं, हे त्याचं म्हणणं. टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हटल्याचं सर्वांना ठाऊक आहे. त्या पुलावर केवळ गोडवा नव्हता. देवाशी भांडणारे, आपल्यापुरता देव उरलाच नाही असं म्हणण्यापर्यंत पोचणारे तुकोबाही त्याच गाथेत आहेत. टिळकांनी तेही वाचले होते.

भीतीबद्दल निदान प्रवचनं होतात. शंकेच्या वाट्याला तेवढंही येत नाही. ती उपासनेत कुणी बोलून दाखवली की पाळकसाहेब गंभीर होतात, वडीलधारे प्रार्थना करायला सांगतात आणि विषय संपतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी अकरा शिष्य गालिलातल्या डोंगरावर उठलेल्या येशूला भेटतात. ते त्याला नमन करतात आणि तिथेच, त्याच वाक्यात, काहींना संशय वाटला असं मत्तय नोंदवतो. हे वाक्य त्याला सहज गाळता आलं असतं. आणि पुढे जे घडतं ते मला अधिक मोलाचं वाटतं. येशू संशय घेणाऱ्यांना बाजूला काढत नाही. साऱ्या जगात जाण्याची आज्ञा तो अकराही जणांना देतो. आजारी मुलाला घेऊन आलेला तो बापही असाच. माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला तूच हात दे, अशा अर्थाचं तो बोलतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो.

भिलाईत राहून या विषयावर लिहिताना थोमाला टाळताच येत नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, पोलाद कारखाना आला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. टिळक या रुळांवरून राजनांदगावपर्यंत आले तेव्हा भिलाई हे खेडं होतं. कारखान्यामुळे देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं इथे येऊन राहिली. त्यांत केरळचे ख्रिस्ती मोठ्या संख्येनं होते. प्रेषित थोमा इसवी सन ५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरला, ही त्यांची परंपरा ते सोबत घेऊन आले आणि रुआबांध्याला आज त्याच्या नावाचं सेंट थॉमस कॉलेज आहे. बाकीच्यांनी सांगितलं म्हणून मी मानणार नाही, खिळ्यांच्या जखमेत बोट घालीन तेव्हाच मानीन, असं म्हणणारा हा शिष्य. त्याला संशयी थोमा म्हणून हिणवायची सवय ख्रिस्ती जगाला फार जुनी आहे. पण योहानाचं शुभवर्तमान नीट वाचलं तर दिसतं की तो मंडळी सोडून गेला नव्हता. शंका घेऊनही तो आठवडाभर त्याच खोलीत, त्याच माणसांत राहिला, आणि येशूला प्रभू आणि देव म्हणून ओळखणारा त्या शुभवर्तमानातला सर्वांत स्पष्ट उद्गार अखेर त्याच्याच तोंडून निघाला. भारतातली सर्वांत जुनी ख्रिस्ती परंपरा आपला उगम या माणसापाशी नेते, ही गोष्ट मला अतिशय दिलासा देणारी वाटते.

आता आपल्या माणसांकडे येतो. मराठी ख्रिस्ती इतिहासात शंकेचं सर्वांत मोठं ओझं कुणी वाहिलं असेल तर ते नीलकंठशास्त्री गोरे यांनी. जन्म १८२५, झाशीकडच्या एका गावात, वाढले काशीत. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती मताचं खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. जन्मतःच दुःख वाट्याला आलेल्या जिवाचा अपराध कोणता, कर्माचा सिद्धान्त सोडला तर याचं उत्तर कोण देणार, अशा धर्तीचे त्यांचे आक्षेप पोरकट नव्हते. मिशनऱ्यांना वादात हरवायला गेलेला हा पंडित १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. इथे साक्ष संपायला हवी होती. गोऱ्यांची यातना मात्र इथून पुढे वाढत गेली. शंका त्यांना आयुष्यभर सोडून गेल्या नाहीत. ते एका पंथातून दुसऱ्याकडे सरकले, इंग्लंडला जाऊन आले, संन्यस्त जीवनाच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि अखेरचं व्रत घ्यायला धजले नाहीत. त्यांच्या हयातीत काहींना हा दुबळेपणा वाटला. मला ती सचोटी वाटते. ज्या बुद्धीनं त्यांनी ख्रिस्ती मत तपासलं, तीच बुद्धी त्यांनी बाप्तिस्म्यानंतरही वापरली. ख्रिस्ती झालो म्हणून तिला रजा दिली नाही. आणि ही शंका बाळगणाऱ्या माणसाच्या लेखनानं दुसऱ्यांची मनं वळली. पंडिता रमाबाईंवर गोऱ्यांच्या पत्रांचा प्रभाव पडला, हे रमाबाईंनी स्वतः नमूद केलं आहे. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी गोरे मुंबईत वारले. त्याच शहरात त्याच वर्षाच्या सुरुवातीला टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता.

रमाबाईंच्या कहाणीत भीतीचं एक भयंकर पान आहे. ते सहसा वाचलं जात नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा आनंदीबाई भगत नावाची त्यांची मैत्रीण सोबत होती. आपल्याला जबरदस्तीनं बाटवतील, या धास्तीनं तिला ग्रासलं. मॅक्समुल्लरनं आपल्या आठवणींत लिहिलं आहे की तिनं रमाबाईंचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला आणि मग स्वतःचा जीव घेतला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. या दोन घटना एका वर्षात, एका छपराच्या आसपास घडल्या, हे ध्यानात घेतल्याशिवाय रमाबाईंच्या पुढच्या पत्रांमधला ताठपणा समजत नाही. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटत नाही, चमत्कार मला पटत नाहीत, आणि एका मनुष्यसंस्थेच्या हातून सुटून दुसरीच्या हाती मी सद्सद्विवेक देणार नाही, हे त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना लेखी कळवत राहिल्या. इंग्लंडमधल्या हितचिंतकांना तो अहंकार वाटला. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढं खुलेपणानं हे सांगणारं माणूस आजच्या एखाद्या साक्षसभेत उभं राहिलं तर त्याचं काय होईल, हा प्रश्न मला छळतो. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, त्यातून त्यांच्या मनातला अनेक वर्षांचा काळोख जगाला कळला आणि पुष्कळांना धक्का बसला. रमाबाई वाचलेल्या मराठी माणसाला त्या धक्क्याचं कारण नव्हतं.

गोरे पंडित, रमाबाई पंडिता, टिळक कवी. या तिघांच्या शंका ग्रंथांतून आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची शंका सोवळ्यातून, पाण्याच्या भांड्यातून आली, आणि माझं मत विचाराल तर चौघांत त्यांचीच शंका सर्वांत खोल आहे. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या आरंभीच त्यांचे वडील भेटतात. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडलांना, १८५७च्या धामधुमीत फाशी झाली आणि तेव्हापासून वडलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुवून घरात यायची, आणि त्या धुण्यापायी घरातल्या बायकांचे हाल व्हायचे. लक्ष्मीबाई हे इतक्या हसत सांगतात की वाचक हसत हसत पुढे जातो. पण त्या घरात देव म्हणजे काय होता याचा विचार केला तर हसू मावळतं. एका आघातानं मोडलेला माणूस आपल्या सगळ्या भीतीला धर्माचं नाव देतो आणि मुलगी त्या भीतीत लहानाची मोठी होते.

या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. त्यानंतरची वर्षं तिनं नातेवाइकांकडे, काही काळ पंढरपुरात बहिणीच्या घरी, काढली. पुढे ती नवऱ्याकडे अहमदनगरला परतली ती धर्मासाठी नव्हे. टिळक तिचा नवरा होते आणि त्यांच्यावर तिचा जीव होता. मिशनच्या आवारात राहूनही तिनं आपलं सोवळं सोडलं नाही, आपली चूल आणि आपलं पाणी वेगळं ठेवलं. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. बायकोचा धर्म तिनंच ठरवायचा, हे त्यांनी पाळलं, आणि त्यांच्या बाकीच्या भोळ्या-अविचारी कारभाराबद्दल लक्ष्मीबाई कितीही तक्रार करोत, या एका बाबतीत त्यांना नमस्कार करावासा वाटतो. मग एक दिवस जातीचा विचार करता करता तिला दिसलं की हे भेद देवानं केलेले नसावेत, माणसांनी केले असावेत. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं तिनं ठरवलं. तिची शंका आधी बाटण्याच्या भीतीवर पडली. ती भीती गेली आणि मगच देवाकडे निर्धास्त पाहायला जागा झाली. १९०० साली तिनं आणि दत्तूनं बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंच्या या वाटेवर भाकीत नाही, दर्शन नाही, वादविवादही नाही. माजघरातली एक बाई आपल्या लहानपणापासूनच्या धास्तीकडे सरळ पाहते आणि ती देवाची नाही हे ओळखते. जी भीती देवाच्या नावानं माणसं घालतात ती एक, आणि देव जवळ आला म्हणून जीव थरथरतो ती दुसरी. या दोन्हींत अंतर करता येणं ही श्रद्धेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. ते अंतर शंकेशिवाय कळत नाही. शंकेला पाप म्हणणारे उपदेशक नकळत पहिल्या भीतीची राखण करतात, असं माझं ठाम मत झालं आहे, आणि पुढची प्रकरणं त्या मतावर उभी आहेत.

टिळकांच्या बाबतीतही बाप्तिस्म्यानं सगळं स्थिर झालं असं नाही. १९०४ मध्ये ते पाळक झाले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं संपादन त्यांनी केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. चर्च या संस्थेबद्दलची त्यांची शंका वाढत गेली तशी ख्रिस्तावरची निष्ठा वाढत गेली. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुढे नेण्याचं काम लक्ष्मीबाईंनी केलं. एके काळी नवऱ्याच्या हातचं पाणी वर्ज्य मानणाऱ्या बाईनं त्याचं ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करत नेलं, याहून मोठी साक्ष मला माहीत नाही.

धर्मांतर चांगलं की वाईट, कोणी कोणाला कशासाठी ओढलं, या वादात हे पुस्तक पडणार नाही. तो वाद छत्तीसगडात सध्या फार तापलेला आहे. तो घालणाऱ्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. आमिषानं धर्म बदलतो असं म्हणणाऱ्यांनी गोऱ्यांची चाळीस-पंचेचाळीस वर्षांची तळमळ वाचावी; तिच्यात आमिषाला जागा कुठे आहे ते त्यांनी दाखवावं. आणि आमच्यातल्या ज्यांना प्रत्येक साक्ष विजयाचीच हवी असते, त्यांनी रमाबाईंची ती आठ वर्षं मंडळीसमोर मोठ्यानं वाचावीत.

पुढच्या प्रकरणांत यातल्या प्रत्येकाकडे मी पुन्हा जाणार आहे. वाचकाला माझी एक विनंती आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर हे पुस्तक इथेच मिटून ठेवा आणि आधी ते वाचा. वाचलेलं असेल तर पहिला भाग, वडलांच्या सोवळ्याचा, पुन्हा एकदा काढा आणि तो वाचून झाल्यावर इथल्या पहिल्या प्रकरणाकडे या.